सौजन्याची कचेरी

१९८९च्या उन्हाळ्यात डेट्रॉइटच्या फेडरल न्यायालयात न्यायाधीश एव्हर्न कोन यांनी मिशिगन विद्यापीठाच्या वकिलाला एक प्रश्न विचारला. विद्यापीठाने आदल्या वर्षी विद्यार्थ्यांच्या बोलण्यावर एक नियमावली लागू केली होती. वंश, धर्म, लिंग, लैंगिक कल अशा कारणांवरून कुणाला कलंक लावणारे बोलणे तिने शिक्षापात्र ठरवले होते. नुसत्या झोंबणाऱ्या बोलण्याला मात्र घटनेचे संरक्षण आहे, हे विद्यापीठही मान्य करत होते. मग झोंबणारे कुठे संपते आणि कलंक लावणारे कुठे सुरू होते, हे ओळखायचे कसे? वकिलाने उत्तर दिले, ‘फार जपून.’

कोन यांनी ते उत्तर निकालपत्रात नोंदवून ठेवले आणि सप्टेंबरमध्ये नियमावलीतला बोलण्याविषयीचा भाग रद्द केला. शब्द इतके सैल, की काय बोललेले चालेल हे नियम करणाऱ्यांनाही सांगता येईना. आणि जाळे इतके मोठे, की त्यात वर्गातली सरळ चर्चाही अडकावी.

ही नियमावली उगाच आलेली नव्हती. १९८७ साली ॲन आर्बर गावातल्या या विद्यापीठाच्या आवारात कृष्णवर्णीयांच्या शिकारीची भाषा करणारे पत्रक फिरले होते, विद्यापीठाच्या रेडिओवरून वर्णद्वेषी विनोद प्रसारित झाले होते. हे क्षुल्लक होते असे म्हणणाऱ्याचे पुढचे काही ऐकू नये. पण त्यावर जो उपाय निघाला तो पाहण्यासारखा आहे. विद्यापीठाच्या एका कार्यालयाने मार्गदर्शिका छापली आणि कशाबद्दल कारवाई होऊ शकते याची उदाहरणे दिली. त्यातले एक असे : वर्गात एखादा मुलगा म्हणतो, की या विषयात बायका पुरुषांइतक्या चांगल्या नसतात. मत चुकीचे आहे, उद्धटही आहे. पण ते खोडून काढायला वर्गापेक्षा चांगली जागा कोणती? दावा लावणारा तरुण जीव-मानसशास्त्राचा संशोधक विद्यार्थी होता. स्त्री-पुरुषांमधले काही मानसिक फरक जैविक असू शकतात, हा त्याच्या विषयात चर्चेला येणारा सिद्धान्त. तो मांडला तर आपल्यावर तक्रार होईल अशी त्याला धास्ती होती. ती धास्ती अवाजवी नाही, असे न्यायालयाला वाटले.

फायलींतून बाहेर आलेले आणखी एक प्रकरण मला जास्त बोलके वाटते. दंतवैद्यक शाखेत एका अवघड समजल्या जाणाऱ्या विषयाच्या ओळखसत्रात एक विद्यार्थी म्हणाला, की अल्पसंख्याक मुलांना हा विषय जड जातो आणि त्यांना न्यायाने वागवले जात नाही, असे कानावर आले आहे. विषय शिकवणारी प्राध्यापिका स्वतः अल्पसंख्याक समाजातली होती. ते बोलणे तिला अन्यायकारक वाटले, नोकरीत कायम होण्याला बाधक वाटले. तिने तक्रार केली. विद्यार्थ्याला समज मिळाली, त्याने माफीपत्र लिहून दिले. अल्पसंख्याकांवर अन्याय होतो की काय, अशी शंका बोलून दाखवल्याबद्दल त्याने अल्पसंख्याकांच्या रक्षणार्थ केलेल्या नियमाखाली माफी मागितली! पुढे नागरी स्वातंत्र्याच्या वकिलांनी हेही दाखवून दिले, की या नियमावलीखाली गोऱ्या विद्यार्थ्यांनी काळ्या विद्यार्थ्यांवरही तक्रारी गुदरल्या होत्या.

बोलण्याच्या स्वातंत्र्याची उदारमतवादी बाजू आपल्याकडे बऱ्याच वाचकांना ठाऊक असते. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ साली ती मांडली : मतामतांच्या घर्षणातून सत्य उजळते, म्हणून चुकीच्या मतालाही तोंड उघडू द्यावे. परंपरावादी माणूस यावर मान डोलावतो, पण त्याची स्वतःची काळजी वेगळी असते. तिचा रोख कारकुनाकडे असतो. चारचौघांत कसे बोलावे, थट्टा कुठे थांबवावी, कुणासमोर काय काढू नये, हे शहाणपण कुठल्या एका डोक्यात किंवा समितीत नसते. ते घरात, गल्लीत, प्रार्थनास्थळाच्या पायऱ्यांवर, मित्रांच्या कोंडाळ्यात पिढ्यान् पिढ्या साचत येते. आजीने नुसते पाहिले तरी नातवाला कळते की आपली जीभ घसरली. आजी त्याला पोटकलम वाचून दाखवत नाही आणि त्याच्या नावाची फाइलही उघडत नाही. कायद्यापेक्षा रीतींचे महत्त्व मोठे, असे परंपरावाद्यांचा पूर्वसूरी एडमंड बर्क १७९६ साली लिहून गेला, कारण कायद्याचा स्पर्श माणसाला अधूनमधून होतो आणि रीतींचा अष्टौप्रहर. अशा नियमावल्यांमागच्या पोलिटिकल करेक्टनेसवरचा परंपरावाद्यांचा आक्षेप नीट ऐकला तर त्यात सौजन्याला विरोध नसतो. सौजन्य रीतीच्या हातून काढून कचेरीच्या हाती दिले, ही त्यांची तक्रार असते. कचेरीला नजर नसते, तिला व्याख्या लागते. व्याख्या केली की तिच्यात दंतवैद्यकाचा विद्यार्थी सापडतो आणि पत्रक लिहिणारा निनावी महाभाग निसटतो.

अमेरिकेतल्या उजव्यांना हे पहिल्यापासून कळत होते असे मात्र नाही. उलट त्यांची जुनी दप्तरे चाळली तर भलतेच सापडते. येल विद्यापीठातून नुकताच बाहेर पडलेला विल्यम बकली १९५१ साली ‘गॉड अँड मॅन ॲट येल’ हे पुस्तक लिहून गाजला. त्याची मागणी काय होती? येलचे प्राध्यापक धर्म आणि मुक्त अर्थव्यवस्था यांच्या विरोधात शिकवतात. माजी विद्यार्थी पैसा पुरवतात, तेव्हा काय शिकवावे हे त्यांनी ठरवावे. अध्यापनाचे स्वातंत्र्य ही त्याच्या लेखी अंधश्रद्धा होती. बकलीचे येलमधले गुरू विलमूर केंडल यांची मजल त्याहून पुढची. कुठल्याही समाजाला आपली मूळ श्रद्धा राखण्याचा हक्क असतो, असे सांगताना ते सॉक्रेटिसला विष देणाऱ्या अथेन्सकरांचीही बाजू घेत. अशा माणसाला येल तरी कुठवर झेलणार? विद्यापीठाने अखेर पैसे मोजून त्यांची कायम नोकरी विकत घेतली आणि त्यांना वाटेला लावले. पुढे १९६४ साली बर्कलीत ‘फ्री स्पीच मूव्हमेंट’ उभी राहिली ती डाव्या विद्यार्थ्यांची. बर्कलीतली ‘घाण’ साफ करू, असे म्हणत दोन वर्षांनी कॅलिफोर्नियाची गव्हर्नरकी जिंकली ती रोनाल्ड रेगन यांनी.

मग बाजू पालटल्या त्या कशा? सत्ता पालटली म्हणून, हे उत्तर सोपे आहे आणि बरेचसे खरेही. विद्यापीठांतले वरिष्ठ डावीकडे सरकले तसे उजवे अल्पसंख्य झाले, आणि अल्पसंख्य झाल्यावर सगळ्यांनाच बोलण्याचे स्वातंत्र्य गोड लागते. पण या संधिसाधूपणाच्या पोटी एक चांगली समजही आली. १९७४ साली येलमध्येच विल्यम शॉकली बोलायला आले. ट्रान्झिस्टरच्या शोधाबद्दल नोबेल मिळवलेला हा शास्त्रज्ञ उतारवयात वंश आणि बुद्धिमत्ता यांविषयी तिरस्करणीय सिद्धान्त मांडत हिंडत होता. त्याच्याशी वाद घालायला ठरले होते ते बकलीच्या ‘नॅशनल रिव्ह्यू’ या नियतकालिकाचे प्रकाशक विल्यम रशर. विद्यार्थ्यांनी गोंगाट करून वाद होऊच दिला नाही. शॉकलीचा प्रतिवाद त्याच व्यासपीठावर होणार होता, तोही बुडाला. येलने सी. व्हॅन वुडवर्ड या इतिहासकाराच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. वुडवर्ड दक्षिणेतल्या वंशभेदाचे नामवंत अभ्यासक आणि पक्के उदारमतवादी. त्यांच्या अहवालाने सांगितले, की मैत्री, सलोखा, परस्पर आदर ही विद्यापीठाची मूल्ये आहेत, पण पहिले मूल्य ज्ञान. दोन्हींत तंटा झाला तर बोलण्याला वाट द्यावी. दुसऱ्याला दुखवणाऱ्याला त्याच्या बरोबरीच्यांनी खडसावावे, त्याची लाज काढावी. दंडाचा अधिकार वापरू नये. उदारमतवाद्याने लिहिलेला हा परिच्छेद बर्कनेही सही करून दिला असता.

पोलिटिकल करेक्टनेस हे नाव देशभर झाले ते मात्र १९९० नंतर. तोवर डाव्या मंडळींत एकमेकांच्या कडवेपणाची टिंगल करायला ते वापरत. ऑक्टोबर १९९०मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्यावर लेख छापला, डिसेंबरात ‘न्यूजवीक’ने मुखपृष्ठ केले, आणि पुढच्या वर्षी ‘इलिबरल एज्युकेशन’ हे पुस्तक खपाच्या याद्यांत शिरले. त्याचा लेखक दिनेश डिसूझा मुंबईत जन्मलेला, गोव्याकडच्या कॅथलिक कुटुंबातला. १९७८ साली तो विद्यार्थी म्हणून अमेरिकेत गेला, डार्टमथ कॉलेजात शिकला आणि तिथल्या ‘डार्टमथ रिव्ह्यू’ या उजव्या नियतकालिकात तयार झाला. आपल्या मुलखातला माणूस म्हणून कौतुक करावे तर ते नियतकालिक आडवे येते. १९८२ साली त्यात कृष्णवर्णीयांच्या बोलीची नक्कल करणारा एक ओंगळ लेख आला. त्यावर काँग्रेस सदस्य जॅक केम्प यांनी काय केले? ते रिपब्लिकन पक्षाचे बडे प्रस्थ आणि ‘रिव्ह्यू’च्या सल्लागार मंडळावरचे नाव. त्यांनी राजीनामा दिला. लेखावर बंदी आणा असे ते म्हणाले नाहीत, समिती बसवा असेही नाही. माझे नाव तुमच्या नावाशेजारी नको, एवढेच. रीत म्हणतात ती हीच, आणि ती आपल्याच माणसांवर चालवायची असते. आपल्या बाजूचा माणूस असभ्य बोलला की ‘स्वातंत्र्य आहे’ म्हणून खांदे उडवायचे आणि दुसऱ्या बाजूचा बोलला की संस्कृती बुडाली म्हणायचे, हा पुढच्या काळातल्या कित्येक उजव्या पुढाऱ्यांचा शिरस्ता झाला. परंपरावादाशी त्याचा संबंध नाही.

४ मे १९९१ रोजी अध्यक्ष जॉर्ज बुश थोरले ॲन आर्बरला पदवीदान समारंभात बोलायला उभे राहिले. नेमके मिशिगन विद्यापीठच. जुने पूर्वग्रह काढायला निघालेली पोलिटिकल करेक्टनेसची ही चळवळ नवे पूर्वग्रह आणते आहे, असे त्यांनी बजावले आणि बोलण्याच्या स्वातंत्र्याची तरफदारी केली. भाषण चांगले होते. पण याच बुशनी दोन वर्षांपूर्वी राष्ट्रध्वज जाळणाऱ्याला शिक्षा करता यावी म्हणून घटनादुरुस्तीची मागणी केली होती. प्रसंग असा : १९८४ साली डॅलसमध्ये रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनाच्या वेळी एका निदर्शकाने ध्वज जाळला, टेक्ससने त्याला शिक्षा केली. ‘टेक्सस विरुद्ध जॉन्सन’ या खटल्यात जून १९८९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्याला सोडले. त्या पाचांत अँटोनिन स्कॅलिया होते. स्कॅलिया म्हणजे अमेरिकी परंपरावादी कायदेपंडितांचे कुलगुरू. हा निकाल त्यांच्या जिवावर आला होता. मी राजा असतो तर ध्वज जाळणाऱ्याला तुरुंगात घातले असते, असे ते पुढे व्याख्यानांत सांगत. पण मी राजा नाही, हे वाक्य लगेच जोडत.

भारतीय वाचकाला हे पचवायला वेळ लागतो. आपल्याकडे १९७१च्या कायद्याने ध्वज जाळण्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे आणि डाव्या-उजव्या कुणाचीच त्याबद्दल फारशी कुरकुर नाही. अमेरिकेच्या पहिल्या घटनादुरुस्तीने १७९१ साली सरकारचे हात बांधले. आपल्या पहिल्या घटनादुरुस्तीने १९५१ साली भाषणस्वातंत्र्यावरचे निर्बंध वाढवले. तेव्हा लोकसभेऐवजी काम पाहणाऱ्या हंगामी संसदेत तिच्या विरोधात कडाडलेल्यांत श्यामाप्रसाद मुखर्जी होते, हे त्यांचा वारसा सांगणाऱ्यांनी कधीतरी आठवावे.

स्कॅलियांची खरी कसोटी १९९२ साली लागली. मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरात काही पोरांनी रात्री एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या कुंपणात शिरून खुर्चीच्या पायांचा क्रूस बांधला आणि पेटवला. कू क्लक्स क्लान या वर्णद्वेषी संघटनेची ही खूण. अर्थ सगळ्यांना कळतो. शहराने खटला भरला तो वंश, धर्म वगैरेंवरून संताप उपजवणाऱ्या चिन्हांविरुद्धच्या आपल्या स्थानिक कायद्याखाली. न्यायालयाने एकमताने तो कायदा रद्द केला, कारणे मात्र न्यायमूर्तींनी वेगवेगळी दिली. स्कॅलियांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालाचा गाभा असा, की वादात एका बाजूच्या पैलवानाला मोकळे सोडायचे आणि दुसऱ्याला नियमांनी जखडायचे, हा सरकारचा अधिकार नव्हे. त्या पोरांचे कृत्य निंद्य आहे हे त्यांनी निकालाच्या शेवटी स्पष्ट लिहिले, आणि त्यांना धरायला धमकी, जाळपोळ, मालमत्तेची नासधूस यांचे साधे कायदे शहराच्या हाताशी होतेच, हेही दाखवून दिले. मला हा मुद्दा सगळ्या प्रकरणात महत्त्वाचा वाटतो. कुंपणात शिरून आग लावणे गुन्हा आहेच, मग ती कुठल्याही विचाराने लावलेली असो. जुने, कंटाळवाणे, सगळ्यांना सारखे लागू होणारे कायदे पुरेसे असताना विचारागणिक नवा कायदा का करावा?

न्यायालयांनी नियमावल्या पाडल्या, पण कचेऱ्या राहिल्या. भेदभावाचा दावा लागेल या भीतीने विद्यापीठांनी तेच नियम ‘छळ प्रतिबंध’ या नावाने पुन्हा आणले, विद्यार्थी कल्याणाचे अधिकारी वाढत गेले. त्यांच्याशी लढायला ॲलन कोर्स आणि हार्वे सिल्व्हरग्लेट यांनी १९९९ साली ‘फायर’ ही संस्था काढली.

येलमधल्या २०१५च्या प्रकरणावर थांबायला हवे, कारण तिथे या सगळ्या वादाचा विषय कुणीतरी थेट शब्दांत मांडला. हॅलोविनला विद्यार्थी सोंगे काढतात. ऑक्टोबरात विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांनी ईमेल पाठवली, की कुणाच्या संस्कृतीची टवाळी होईल असे पोशाख टाळा. सिलिमन वसतिगृहात पतीसोबत राहून मुलांची देखरेख करणाऱ्या एरिका ख्रिस्ताकिस बालविकासाच्या अभ्यासक. त्यांनी आपल्या मुलांना उत्तरादाखल लिहिले. सूर अगदी मऊ : पोशाख खटकला तर तोंड फिरवा, किंवा त्या मुलाशी बोला, हे सगळे वरून ठरवून घ्यायला तुम्ही एवढे कच्चे आहात का? काही दिवसांतच त्यांचे पती निकोलस यांना अंगणात विद्यार्थ्यांनी गराडा घातला. चित्रफीत जगभर गेली. त्यात मुले त्यांना सुनावताना दिसतात, की तुमचे काम बौद्धिक वातावरण घडवणे नाही, आम्हाला घर देणे आहे. एरिकांनी डिसेंबरात शिकवणे सोडले. पुढच्या वर्षी दोघांनी सिलिमनची जबाबदारी सोडली. हे जोडपे उजवे नव्हते. पण त्या ईमेलमधला विचार बर्कच्या गोत्रातला होता. आणि त्या मुलांनी मागितलेले ‘घर’ मात्र कचेरीने चालवायचे घर होते. ज्या घरात आजीऐवजी अधिकारी असतो, त्याला घर म्हणायचे का, हे त्यांना कुणी विचारले नाही.

मिशिगननेही धडा घ्यायला तीस वर्षे लावली. पूर्वग्रहाच्या तक्रारी ऐकण्यासाठी तिथे एक पथक होते. पथकाला शिक्षेचा अधिकार नव्हता, ते फक्त बोलावून घेत असे. ‘स्पीच फर्स्ट’ या संघटनेच्या दाव्यात २०१९ साली अपील न्यायालय म्हणाले, की शिक्षा देऊ शकणाऱ्यांकडे नाव पाठवण्याची सोय असलेल्या पथकाचे आमंत्रण म्हणजे साधे आमंत्रण नव्हे. विद्यापीठाने तडजोड केली आणि पथक गुंडाळले.

आता या भूमिकेवरचा सर्वात जड आक्षेप. रीतींवर सोडा म्हणता. पण अमेरिकेच्या दक्षिणेतली रीत काय होती? काळ्या माणसाने रस्ता सोडून उभे राहावे, ही रीतच होती. बकलीच्या ‘नॅशनल रिव्ह्यू’ने १९५७ साली संपादकीय लिहून दक्षिणेतल्या गोऱ्यांचे वर्चस्व उचलून धरले, बकलींनी फार उशिरा, २००४ साली, आपण चुकलो होतो अशी कबुली दिली. याला झटपट उत्तर नाही. मतदान, शाळा, नोकरी यांतला अन्याय कायद्यानेच मोडावा लागला आणि ते योग्यच झाले. पण तो मोडणाऱ्यांच्या हातातले हत्यार कोणते होते? दक्षिणेतली सरकारे निदर्शकांना शांतताभंगाच्या नावाखाली पकडत होती, वृत्तपत्रांना अब्रुनुकसानीच्या दाव्यांनी घायाळ करत होती. दक्षिण कॅरोलायनातल्या कोलंबिया शहरातल्या कृष्णवर्णीय निदर्शकांची शिक्षा १९६३ साली आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’वरचा अलाबामातला दंड १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, तो बोलण्याच्या स्वातंत्र्याच्या आधारावर. गोऱ्या बहुसंख्याकांच्या भावना दुखावल्या हाच त्या काळातला आरोप होता. तेव्हा भावना जपणारी कचेरी असती, तर ती कुणाच्या ताब्यात असती?

आज कचेरीच्या चाव्या हाती आलेल्या उजव्यांना हा प्रश्न अडचणीचा वाटतो. २०२२ साली फ्लोरिडाने विद्यापीठांत वंशाविषयी कोणते विचार शिकवू नयेत याची यादीच कायद्यात घातली. वर्गातले प्राध्यापकाचे बोलणे हे सरकारचेच बोलणे, असा राज्याचा युक्तिवाद होता. १९५१च्या बकलीला तो आवडला असता. न्यायाधीश मार्क वॉकर यांनी विद्यापीठांपुरती त्या कायद्याला स्थगिती दिली; दावा लावणाऱ्यांच्या वकिलांत ‘फायर’ होती. ऑगस्ट २०२५मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी ध्वज जाळणाऱ्यांवर खटले भरण्याचा आदेश काढला. त्यात आधार दाखवला तो आगीच्या, मालमत्तेच्या साध्या कायद्यांचा. ऐकायला स्कॅलियांसारखे वाटते. पण हजार आगींतून संदेश पाहून एक आग निवडायची, यालाच तर १९९२च्या निकालाने मज्जाव केला होता.

पंधरवडा उलटला आणि १० सप्टेंबरला युटातल्या एका विद्यापीठात विद्यार्थ्यांशी भर मैदानात वाद घालत असताना चार्ली कर्क या तरुण उजव्या नेत्याची गोळी घालून हत्या झाली. संतापाच्या त्या दिवसांत ॲटर्नी जनरल पाम बाँडी म्हणाल्या, की द्वेषमूलक भाषण करणाऱ्यांच्या मागे सरकार लागेल. डावे काय म्हणतील हे ठरलेलेच होते. पण सर्वात आधी आणि सर्वात कडक झाडले ते उजव्या भाष्यकारांनी. अमेरिकेच्या कायद्यात द्वेषमूलक भाषण नावाचा गुन्हाच नाही, असे खुद्द कर्क यांनी आदल्या वर्षी लिहून ठेवले होते. ते शब्द बाँडींच्या पुढ्यात ठेवले गेले. दुसऱ्याच दिवशी त्यांना खुलासा करावा लागला, की आपल्याला म्हणायचे होते ते हिंसेच्या धमक्यांबद्दल. धमक्यांसाठी कायदा पूर्वीपासून होताच.